मोटारीचे माहेर

आमच्या शिरूर-दौंड भागात जुनी मोटार घेण्याचा योग बहुधा दोन वेळी येतो. एक, उसाचे बिल हाती पडल्यावर. आणि दुसरा, दसरा-दिवाळीच्या सुमारास, घरातील नोकरदार मंडळींस बोनस मिळाल्यावर. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांनी या दोन तालुक्यांत पैसा खेळता केला आहे, आणि नवी कोरी गाडी दारात उभी करणारे लोकही आता विरळ राहिलेले नाहीत. तथापि ज्या एकत्र कुटुंबात एकदोघांच्या मिळकतीवर मुलांची शिक्षणे, वडील मंडळींचे औषधपाणी आणि जुन्या वाड्याची डागडुजी ही सारी अवलंबून असतात, तेथे पुण्याच्या कोणा गृहस्थाने आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी घेणे हाच मार्ग सोयीचा ठरतो. शिरूरास आगगाडी नाही. दौंडास आगगाडीवाचून दुसरे काही नाही, असे आमचे एक स्नेही विनोदाने म्हणतात. या दोन गावांत ज्यांचे घर विभागले गेले आहे, त्यांस मोटार ही चैन नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

गाडी पारखण्याचा सोहळा मोठा पाहण्यासारखा असतो. घरातील चार कर्ती माणसे, एक ओळखीचा मिस्त्री आणि पूर्वी कधीतरी गाडी चालविलेला एखादा शेजारी, असे मंडळ विक्रेत्याकडे जाते. मिस्त्री टोपण उघडून यंत्राचा आवाज कान देऊन ऐकतो, धूर काळा की पांढरा ते पाहतो, तेलाची कांडी बोटावर पुसतो. शेजारी टायरांत नाणे खुपसून खाचांची खोली अजमावितो. कोणी दारे जोराने लावून पाहतो. मागाहून गाडी घरी आली की तिला हळदकुंकू लागते, स्वस्तिक रेखिले जाते, चाकांखाली लिंबे ठेविली जातात आणि पहिली फेरी रांजणगावच्या गणपतीस होते. हे सर्व यथास्थित आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु या साऱ्या गडबडीत एक प्रश्न कोणीच विचारीत नाही, आणि प्रस्तुत लेख त्या एका प्रश्नासाठीच लिहावयास घेतला आहे.

जुन्या मोटारीत उणेपणा दोन जातींचा असतो. एक झीज आणि दुसरी खोट. झीज ही वापराने होते. क्लचची तबकडी गुळगुळीत होते, खाचखळग्यांच्या रस्त्यांनी चाकांजवळची रबरे फाटतात, डिझेल गाडीच्या श्वासनळ्यांत काजळी साचते, आणि गाडी उसाच्या फडाजवळ उभी राहत असेल तर उंदीर तारा कुरतडतात. हा सारा मालकाच्या संसाराचा हिशेब होय. चांगला मिस्त्री तो कानाने आणि हाताने ओळखतो, आणि त्याप्रमाणे किंमत पाच-दहा हजारांनी खाली येते. खोट मात्र कारखान्यातूनच आलेली असते. एखाद्या पेडलाचा दांडा जरूर तेवढ्या मजबुतीचा नसतो, एखादी नळी नीट बसविलेली नसते, इंधनाचा पंप काही महिने उत्तम चालून मग भर रस्त्यात थांबण्याच्या गुणाचा असतो. अशी गाडी दिसावयास निर्दोष, आवाजास निर्दोष, आणि मिस्त्रीही तिला निर्दोषच म्हणणार. कारण त्याच्यापुढे आलेला भाग अद्याप बिघडलेलाच नसतो. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो गाड्यांपैकी काही बिघडल्या, आणि कारखानदाराने त्यांची नोंद पाहून कारण शोधून काढिले, म्हणजेच ती खोट उघडकीस येते. दौंडाच्या गॅरेजात उभ्या असलेल्या एका गाडीकडे पाहून ती कळण्याचा संभव नाही.

अशी खोट कळली म्हणजे कंपनी त्या मुदतीत तयार झालेल्या सर्व गाड्या आपल्या कार्यशाळेत बोलावून घेते आणि दोष असलेला भाग विनामूल्य बदलून देते. यास इंग्रजी शब्द ‘रिकॉल’ असा रूढ झाला आहे. आमच्या वहिनींनी त्यास अधिक चांगले नाव दिले आहे. त्या म्हणतात, “हे तर माहेरचे मूळ!” सासरी गेलेल्या लेकीस माहेरचा माणूस न्यावयास यावा, तसे हे बोलावणे असते, आणि त्याचा खर्चही माहेराने सोसावयाचा. अडचण इतकीच की गाडीचे सासर मध्येच बदलते. मूळ घेऊन आलेला माणूस पहिल्या घराच्या दारावर थाप मारून परत जातो, आणि ती लेक कोठे नांदते आहे हे त्यास कोणी सांगत नाही.

आमच्या वाचकांस हे दूरचे वाटू नये म्हणून अगदी उंबऱ्याजवळचे उदाहरण देतो. शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे फियाटचा कारखाना आहे. तेथूनच पुंटो आणि लिनिया या गाड्या बाहेर पडल्या. तेथेच बनलेले डिझेल यंत्र टाटांच्या गाड्यांत बसले, आणि २०१२ साली झालेल्या करारान्वये मारुतीनेही ते घेण्याचे ठरविले. २०१७ च्या मध्यास त्याच कारखान्यात जीप कंपास ही गाडी तयार होऊ लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने सुमारे १,२०० कंपास गाड्या परत बोलाविल्या. ५ सप्टेंबर ते १९ नोव्हेंबर २०१७ या काळात बनलेल्या गाड्यांपैकी काहींत, जोडणी करिताना एखादा सुटा खिळा पुढच्या प्रवाशासमोरील हवापिशवीत, म्हणजे एअरबॅगेत, अडकला असण्याची शंका होती. अपघातसमयी पिशवी फुगून प्रवाशास वाचवावयाची, तो तिच्यातील खिळाच त्याच्यावर यावयाचा! भाग बदलून होईपर्यंत पुढच्या आसनावर कोणास बसवू नये, असे कंपनीने मालकांस स्पष्ट कळविले. यात कारखान्याची नाचक्की झाली असे काही लोकांस वाटते. आमचे मत उलट आहे. अडीच महिन्यांतील दोष ओळखून, दिवस मोजून, गाड्या मोजून जो कारखाना आपली चूक जाहीर करितो, त्याच्या गाडीत आम्ही अधिक निर्धास्तपणे बसू.

आता ज्या गाडीसंबंधी आम्हांस वारंवार विचारणा होते तिच्याकडे वळतो. ती म्हणजे शेव्हरोलेची बीट. लहान, देखणी, गल्लीबोळांत वळणारी ही गाडी जानेवारी २०१० मध्ये बाजारात आली, आणि पुढील वर्षी तिची डिझेल आवृत्ती निघाली. तिचेही माहेर पुणे जिल्ह्यातच, मावळ तालुक्यातील तळेगावास. डिझेल बीट थोडक्या इंधनात पुष्कळ चालते, या कीर्तीमुळे ती घेणारांत रोज लांबचा प्रवास करणारे नोकरदार पुष्कळ होते. आणि आज ती जुन्या बाजारात इतक्या स्वल्प किमतीस मिळते की प्रथमच मोटार घेणाऱ्या कुटुंबाची दृष्टी तिच्यावर सहज जाते. या बीटला दोनदा माहेरचे मूळ आले. जुलै २०१५ मध्ये कंपनीने २००७ ते २०१४ या काळातील सुमारे १,५५,००० स्पार्क, बीट व एन्जॉय गाड्या तपासणीस बोलाविल्या. किल्लीवाचून दुरून दार उघडण्याचे जे साधन मागाहून बसविले जाई, त्याच्या तारांत दोष संभवत होता, आणि तो वाढला तर आग लागण्यापर्यंत मजल जाण्याची भीती होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात १,०१,५९७ डिझेल बीट पुन्हा बोलाविल्या. या वेळी शंका क्लच-पेडलच्या दांड्याची होती. ज्यांस गाडी चालविता येत नाही त्यांच्यासाठी सांगतो: क्लच दाबला म्हणजे यंत्राची शक्ती चाकांपासून सुटी होते, आणि मगच गियर बदलता येतो. दांडा मोडला तर यंत्र आणि चाके एकमेकांस धरून बसतात. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या हंगामात, मागे दिवा नसलेल्या दोन दोन ट्रेलरांच्या पाठीशी, रात्री आठ वाजता हा प्रसंग आला तर काय होईल, याची कल्पना आमच्याकडील वाचक सहज करू शकतील.

पुढे २०१७ साली या कंपनीने भारतात गाड्या विकणे बंद केले. तळेगावचा कारखाना परदेशी पाठविण्याच्या गाड्यांसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालला, आणि नंतर तो ह्युंदाईने विकत घेतला. म्हणजे बीटचे माहेरच उठले. जुन्या गाड्यांची देखभाल आणि सुटे भाग यांची व्यवस्था चालू ठेवू, असे आश्वासन जाताना कंपनीने दिले होते, ही गोष्ट तिच्या पदरात टाकिली पाहिजे. तरीही, ज्या घराची पाटी उतरली त्या घरचे मूळ शोधीत जाणे किती जणांस सुचणार? याच कंपनीची टॅव्हेरा आमच्याकडे वऱ्हाडांस आणि देवदर्शनांस फार चाले. २०१३ साली तीही १,१४,००० च्या संख्येने परत बोलाविली गेली होती. मात्र तेथील प्रकरण धुराच्या मर्यादांचे आणि तपासणीतील लबाडीचे होते, व ते कंपनीनेच सरकारास कळविले होते. त्याची चर्चा येथे वाढवीत नाही.

सर्वच बोलावणी अशी भयंकर नसतात. २०२० मध्ये मारुतीने ४०,४५३ ईको गाड्या बोलाविल्या, त्या केवळ समोरच्या दिव्यावर नियमाप्रमाणे हवे असलेले चिन्ह उमटले नसावे म्हणून! पण त्याच वर्षीच्या जुलैत त्याच कंपनीने १,३४,८८५ वॅगनआर व बलेनो बोलाविल्या, त्या इंधनाच्या पंपासाठी. आणि तो पंप ओव्हरटेक करीत असता थांबला तर काय, हे चिन्हाइतके क्षुल्लक नव्हे. त्यातील वॅगनआर या १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या मुदतीत बनलेल्या होत्या. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही मुदत गाडी बनल्याच्या दिवसावरून मोजिली जाते, नोंदणीच्या दिवसावरून नव्हे. ऑक्टोबरात बनलेली गाडी जानेवारीत विकली जाते आणि विक्रेता तिला पुढल्या सालची म्हणून सांगतो. नोंदणीपुस्तकात बनावटीचा महिना छापलेला असतो, तोच पाहावा.

सरकारचे या बाबतीत काय म्हणणे आहे, असे कोणी विचारील. २०१२ च्या जुलैपासून मोटार-उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघाने असे बोलावणे स्वेच्छेने करण्याची पद्धत घालून दिली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अमलात आले. त्यांन्वये ठरावीक संख्येने तक्रारी आल्यास सरकार कंपनीस गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम करू शकते आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडही करू शकते. कायदा चांगला आहे. पण त्यात एक मेख आहे: ही सक्ती सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरती आहे. आता शिरूरच्या बाजारात उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांची वये कोणी विचारून पाहावीत. पुण्याच्या पहिल्या मालकाने सात-आठ वर्षे सुखाने वापरून सोडलेली गाडी, कायद्याने तिचा हात सोडला त्याच सुमारास आमच्या तालुक्यात उतरते. ज्यांच्याजवळ कमी पैसा आहे, त्यांच्याच वाट्यास कमी संरक्षण यावे, हे आम्हांस पटत नाही. शिवाय काही खोटी अशा असतात की त्या वयाबरोबरच पिकतात. जपानच्या टाकाटा कंपनीच्या हवापिशव्यांचे प्रकरण जगभर गाजले. त्यांतील अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने बिघडे, आणि पिशवी फुगताना धातूचे तुकडे उडून माणसे दगावली. भारतात होंडाने जानेवारी २०१७ मध्ये २०१२ सालच्या ४१,५८० गाड्या, आणि पुढील वर्षी २०१३ सालच्या २२,८३४ गाड्या याच कारणासाठी बोलाविल्या. पहिल्या मालकाच्या हाती जी पिशवी बहुधा निर्दोष होती, ती दुसऱ्याच्या हाती येता येता घातक व्हावयाची. येथे सात वर्षांची मर्यादा कोणत्या न्यायाने लावावी?

आमच्याच घरचा एक अनुभव येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आमचा पुतण्या रेल्वेच्या नोकरीत दौंडास असतो. आमच्या मातोश्रींचे वय ८४. त्या शिरूरचा वाडा सोडावयास तयार नाहीत, आणि पणतीचे तोंड पाहिल्यावाचून त्यांचा आठवडा जात नाही. तेव्हा शनिवारी सायंकाळी पुतण्या, सूनबाई आणि चार वर्षांची मुलगी शिरूरास येणार, हा नेम. एस.टी.ने ते जमेना म्हणून जुनी गाडी घ्यावयाचे ठरले, आणि पुण्यातील एका विक्रेत्याकडे एक मनासारखी मिळाली. गाडीचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. मिस्त्रीने पसंती दिली. किंमत ठरली. इतक्यात सूनबाई म्हणाल्या, “काका, ह्या गाडीला कंपनीने कधी परत बोलावले होते का, एवढे विचारून घ्या ना.”

विक्रेता हसला. “अहो साहेब, बोलावले असते तर मालकाने नेलीच असती की!” म्हणाला. चेसिसचा क्रमांक मागितला, तर विसार दिल्यावर देतो असे उत्तर मिळाले. हा क्रमांक म्हणजे काही घरातील गुप्त मंत्र नव्हे. तो गाडीच्या अंगावर ठोकलेला असतो आणि नोंदणीपुस्तकात छापलेला असतो. सूनबाईंनी पुस्तक पाहावयास मागून घेतले, सतरा अक्षर-आकड्यांचा तो क्रमांक उतरून घेतला आणि तेथेच उभ्या राहून कंपनीच्या कार्यशाळेस दूरध्वनी केला. उत्तर आले की या गाडीचे एक काम बाकी आहे. मालकास पत्र गेले होते, पण गाडी आली नाही. पहिल्या गृहस्थांनी मध्यंतरी बिऱ्हाड बदलले होते. दोष कोणता ते सांगितले तर गाडी ओळखू येईल. इतकेच सांगतो की तो चालत्या गाडीत, भर रस्त्यावर नडावा अशा जातीचा होता.

घरी त्या रात्री पुष्कळ खल झाला. मातोश्रींचे म्हणणे, अशी अपशकुनी गाडीच नको. बंधूंचे म्हणणे, याच कारणाने किंमत आणखी उतरवून घ्यावी. विक्रेत्याचे म्हणणे, काम फुकटच व्हावयाचे आहे, तर गाडी घेऊन जा आणि सवडीने करून घ्या. दिसावयास हे तिसरे मत सर्वांत व्यवहारी; आणि आम्हांस तेच सर्वांत धोक्याचे वाटले. सवड ही वस्तू नोकरदाराच्या घरी किती असते ते आम्ही जाणतो. शिवाय पुण्याहून दौंड आणि दौंडाहून शिरूर एवढी मजल त्या खोटीसकट मारावयाची, आणि मागच्या आसनावर ती चार वर्षांची पोर! किंमत उतरवून घेणे तर आम्हांस अगदीच पसंत पडेना. पाच हजार रुपये घेऊन आपण नेमके काय विकत आहो, हे बंधूंस विचारल्यावर तेही गप्प बसले. शेवटी आम्ही विक्रेत्यास निक्षून सांगितले की काम करून घ्या, कार्यशाळेचा तारीख-शिक्क्याचा कागद दाखवा, मग पैसे. चार दिवस तो कुरकुरला. पाचव्या दिवशी कागद आला. कार्यशाळेने एक पैसाही घेतला नव्हता.

पुढील सोपस्कारांतही एक गोष्ट अशीच महत्त्वाची आहे. २९ आणि ३० नमुन्याचे अर्ज भरून नोंदणीपुस्तकावर आपले नाव चढविणे, आणि विम्याची बदली चौदा दिवसांच्या आत मागणे, ही कामे आपल्याकडे ‘होईल पुढे’ म्हणून लांबणीवर पडतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांस परवाना घेऊन प्रत्येक गाडी हाती आल्याची खबर सरकारास देणे आवश्यक झाले आहे. परंतु पाहुण्याच्या पाहुण्याकडून घेतलेल्या गाडीस हा नियम कोठून लागणार? नाव बदलले नाही, तर पुढचे मूळही जुन्याच दारी जावयाचे. नाव बदलूनही कार्यशाळेच्या वहीत आपला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक वेगळा नोंदवावा लागतो, हे सूनबाईंनी विचारिले म्हणून कळले. तीही नोंद त्यांनी करून घेतली, आणि तो सतरा आकडी क्रमांक स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेच्या पाठीमागे, गॅसच्या ग्राहक क्रमांकाखाली लिहून ठेविला.

ही हकीकत दौंडाच्या रेल्वे-वसाहतीत पसरावयास वेळ लागला नाही. शेजारच्या चार बिऱ्हाडांनी आपापले क्रमांक सूनबाईंकडे आणून दिले. दोघांस काही बाकी नाही असे उत्तर मिळाले. एकाचे काम निघाले आणि ते पुढल्याच आठवड्यात झाले. चौथ्या गृहस्थांची गाडी तिसऱ्या हातची, पुस्तकावर नाव अद्याप पहिल्याच मालकाचे, आणि तिच्या कंपनीची कार्यशाळा जवळपास कोठे उरलेली नाही. त्यांनी नाव बदलण्याचा अर्ज केला आहे. तोवर ते रात्रीचा प्रवास टाळतात आणि शिरूरास यावयाचे झाल्यास आमच्या पुतण्याच्या गाडीतून येतात.